नापासराव आणि दुसरी रिंग

नापासराव हे नाव त्यांना कारखान्याने दिलं, आणि तो कारखाना उगाच कुणाला काही द्यायचा नाही.

रबराच्या रिंगा बनवायचा तो कारखाना. पंपाच्या, नळाच्या, शेगडीच्या, म्हणाल त्या मापाच्या. अगदी शेवटच्या खोलीत खिडकीखाली नापासरावांचं टेबल. तयार माल तिथे यायचा आणि नापासराव त्याच्याकडे असे बघायचे, जणू त्या रिंगेनेच मघाशी त्यांच्या खिशात हात घातला होता. प्रत्येक लॉटमधून मूठभर रिंगा उचलायच्या. भिंगाखाली धरायच्या. जाडी मोजायची. मग लाकडी शंकूवर चढवून दुप्पट ताणायच्या आणि तशाच ताणलेल्या ठेवून, कुठे भेग उगवते का याची वाट बघत बसायचं. त्यांतल्या दोन रिंगा कागदी पाकिटात घालून, वर तारीख टाकून, कपाटात राखून ठेवायच्या. उद्या तक्रार आलीच तर पुरावा हाताशी हवा. आणि सगळ्यांत मोठा नेम म्हणजे, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शिक्का मारायचा नाही. मालकाच्या मुलाने एकदा घाई केली तर त्यालाही त्यांनी खुर्ची दिली आणि सांगितलं, "बसा. भेग पडायला वेळ लागतो."

एकतीस वर्षं हे केलं की ते हाडात भिनतं. घरी आलेलं दूध ते हुंगून घ्यायचे. पाव दाबून बघायचे. कुणी आपणहून गोड बोललं की त्यांच्या मनात पाल चुकचुकायची. बायको म्हणायची, "माझ्यावर एकदाचा शिक्का मारला असता, तर मीही सुटले असते." यावर नापासराव गंभीरपणे म्हणायचे, "निरीक्षण चालू आहे." लग्नाला तेव्हा सत्तावीस वर्षं झाली होती.

अशा माणसाला एके दिवशी सकाळी संडासात रक्त दिसलं.

दुखत-खुपत काही नाही. फक्त लाल थेंब, चांगले टपोरे. नापासरावांनी कुणाला सांगितलं नाही. खिशातल्या डायरीत पेन्सिलीने एक बारीक ठिपका काढला. दुसऱ्या दिवशी दोन. आठवडाभरात पानाला गोवर आल्यासारखं दिसू लागलं. पण तोंडातून शब्द नाही, आणि त्याला कारण होतं. त्यांच्या थोरल्या भावालाही असंच रक्त जायचं. तोही म्हणायचा, "मूळव्याध आहे रे, बैठं काम, होतंच." कुणाकुणाच्या पुड्या खात त्याने वर्ष काढलं. ती मूळव्याध नव्हती. कळलं तेव्हा आतड्यातल्या गाठीने हातपाय पसरले होते, आणि पुढच्या चार महिन्यांत थोरला गेला. तेव्हापासून 'मूळव्याध' हा शब्दच नापासरावांच्या लेखी खोट्या शिक्क्याचा माल झाला होता. वर एक लिहिलेलं, आत भलतंच. डॉक्टरकडे गेलं तर तो मूळव्याधच म्हणणार, आणि तसं म्हणाला की आपण संपलो, असा त्यांचा हिशेब.

म्हणून ते गप्प राहिले. पण घरात बायको असताना गप्प राहून भागत नाही.

आधी तिने पाहिलं की नवरा अर्धा अर्धा तास आत बसतो. मग पाहिलं की खुर्चीवर एका कुल्ल्यावर बसतो, भिंतीवरच्या तसबिरीसारखा तिरका. आणि मग एके दिवशी तिने पाहिलं की ज्या माणसाने सत्तावीस वर्षांत स्वतःचा रुमाल धुतला नव्हता, तो पहाटे मोरीत बसून आतले कपडे चोळतोय.

"अहो," ती दारात उभी राहून म्हणाली, "कोण आहे ती?"

"कोण ती?"

"नवरा आपणहून कपडे धुतो तेव्हा एकतर दुसरी बाई असते, नाहीतर तापाने डोकं फिरलेलं असतं. ताप तर दिसत नाही."

"साबण कितपत फेस देतो ते बघत होतो," नापासराव म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं, की भिंग नव्हतं म्हणून काही अडलं नाही. तासाभरात तिचा धाकटा भाऊ हजर. हा मेहुणा म्हणजे चालतंबोलतं वर्तमानपत्र. बस चालवायचा. प्रवासी थांब्यावर उतरायचे, पण त्यांच्या घरच्या भानगडी याच्याकडेच राहायच्या. त्याने भावोजींकडे एकदा वरून खाली पाहिलं, त्यांचं तिरकं बसणं पाहिलं, आणि पटकन म्हणाला, "भावोजी, रक्त जातंय ना?"

नापासरावांनी कान टवकारले. "तुला काय माहीत?"

"दिसतंय की. बाजारामागच्या गल्लीत एक डॉक्टरीणबाई आहे. हात फार हलका. पाच मिनिटांचं काम, कापाकापी नाही, दुसऱ्या दिवशी माणूस कामावर."

"तुला काय माहीत?"

"ऐकलंय."

"कुणाकडून?"

मेहुणा छताकडे बघू लागला. नापासरावांनी तिथल्या तिथे निकाल लावला. हा बाईचा दलाल. गिऱ्हाईकामागे याला काहीतरी सुटतं. ते म्हणाले, "मला काही झालेलं नाही," आणि कामावर निघून गेले.

त्याच आठवड्यात ते घडलं. कपाट आपोआप चाललं म्हटलं असतं तर कारखान्याने मानलं असतं, पण हे कुणी मानेना. नापासरावांनी पास केलेल्या लॉटमधली एक रिंग परत आली. साहेब स्वतः ती तळहातावर ठेवून आले. भिंगाचीही गरज नव्हती. आडवी भेग, नखाएवढी.

"हा शिक्का तुमचाच ना?" साहेबांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, काळजी होती, आणि तीच जास्त लागली.

नापासरावांनी रिंग हातात घेतली. त्यांना तो दिवस आठवला. उभं राहताना डोळ्यांपुढे काजवे चमकले होते, टेबलाची कड धरून ते बसले होते, आणि शिक्का मारला होता. न बघता. साहेब म्हणाले, "तुमचा चेहरा पांढराफटक पडलाय. आधी डॉक्टरकडे जा, मग टेबलावर या. तोवर शिक्का माझ्या कपाटात."

शिक्का काढून घेतला म्हणजे नापासरावांचा उजवा हातच काढून घेतला. त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला डायरी दाखवली. तिने ठिपक्यांची पानं उलटली, एकही टोमणा मारला नाही, आणि म्हणाली, "चपला घाला."

डॉक्टरीणबाईंची खोली लहान होती. एक टेबल, पडद्यामागे एक उंच पलंग, भिंतीवर आतड्याचं रंगीत चित्र. बाई पन्नाशीच्या, चष्मा केसांवर चढवलेला. त्यांनी सगळं विचारलं. किती दिवस, रंग कसा, वजन उतरलंय का, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेता का, घरात कुणाला काही होतं का. थोरल्याचं नाव निघालं तसे नापासराव अडखळले. बायकोने पुढचं सांगितलं.

बाईंनी तपासलं. मग हात धुवत म्हणाल्या, "आतली मूळव्याध आहे. कोंब मोठे झालेत, जोर केला की बाहेर येतात, परत आपोआप आत जातात. पण..."

"म्हटलं होतं ना!" नापासराव बायकोकडे वळून कुजबुजले. "हाच शब्द. थोरल्यालाही हाच."

"पण," बाई आवाज चढवून म्हणाल्या, "तुमचं वय आणि तुमच्या भावाचं बघता नुसत्या माझ्या बोटावर मी विश्वास ठेवणार नाही. आधी दुर्बिणीने सगळं मोठं आतडं बघायचं. रक्त तपासायचं. मग पुढचं."

नापासराव गारच पडले. स्वतःच्या बोटावर विश्वास नसलेला माणूस त्यांना कारखान्याबाहेर पहिल्यांदाच भेटत होता. पण लगेच मनात आलं, एवढी सावध आहे म्हणजे हिला काहीतरी दिसलंय, सांगत नाही.

दुर्बीण झाली. आतडं स्वच्छ निघालं. गाठ नाही, काही नाही. फक्त रक्त फार कमी झालेलं, तेरा-चौदा असायला हवं ते आठवर. बायकोने डोळे पुसले. नापासरावांनी मात्र अहवाल उजेडाकडे धरून पाहिला. कागदाची मागची बाजू पाहिली. नाव, वय, तारीख तीनदा ताडून पाहिली.

"दुसऱ्या कुणाचा तर नाही ना?"

"फोटो तुमच्याच आतड्याचे आहेत," बाई म्हणाल्या.

"ओळखणार कसं? यावर चेहरा थोडाच असतो?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. असा रोगी त्यांनाही नवा असावा. मग त्यांनी उपचार सांगितला. पलंगावर कुशीवर झोपायचं. एक छोटी नळी आत घालायची. प्रत्येक कोंबाच्या मुळाशी रबराची एक बारीक रिंग चढवायची. रिंग आवळली की कोंबाचा रक्तपुरवठा तुटतो, तो सुकतो, आणि आठ-दहा दिवसांत रिंगेसकट गळून पडतो. तिथे दुखण्याची जाणीव नसते, त्यामुळे भूलही लागत नाही. दोन कोंब, दोन रिंगा.

'रबराची रिंग' हे शब्द ऐकताच नापासराव ताठ बसले. कित्येक दिवसांत पहिल्यांदा दोन्ही कुल्ल्यांवर.

"दाखवा."

"काय?"

"रिंग. माल बघितल्याशिवाय मी आत घेत नाही."

बायकोने कपाळाला हात लावला. बाईंनी मात्र खण उघडून पाकीट काढलं. नापासरावांनी खिशातून भिंग काढलं. ते आणलं होतं, हे बायकोलाही ठाऊक नव्हतं. काळी, मसुराच्या दाण्याएवढी रिंग. त्यांनी ती पेनाच्या टोकावर चढवली, सरकवत जाड भागापर्यंत नेली आणि घड्याळ लावून बसले. बाहेर रोग्यांची रांग खोकू लागली. पाच मिनिटांनी त्यांनी रिंग उतरवून भिंगाखाली धरली.

"भेग नाही," त्यांनी मोठ्या नाखुशीने कबूल केलं. "पण तुम्ही म्हणता ती आठ-दहा दिवसांत पडेल?"

"पडायलाच हवी."

नापासराव बायकोकडे बघून हसले. ते हसू कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. पुरवठादार खोटं बोलताना सापडला की यायचं. "एकतीस वर्षांत बाई, रिंग पडली म्हणजे रिंग नापास. तुम्ही आधीच सांगून ठेवताय की पडणार. म्हणजे नंतर तक्रारीला जागाच नको! असे पुरवठादार मी खूप बघितलेत."

"तुमच्या पंपातली रिंग टिकावी लागते, कारण पंप टिकवायचाय," बाई शांतपणे म्हणाल्या. "मला तुमचा कोंब टिकवायचा नाहीये."

यावर नापासरावांनी अट घातली. त्याच पाकिटातल्या दोन रिंगा नमुना म्हणून राखून ठेवायला हव्यात. बाईंनी दोन रिंगा कागदात गुंडाळून दिल्या. नापासरावांनी त्यावर तारीख टाकली.

मग ते पलंगावर झोपले, भिंतीकडे तोंड करून. आतून दाब आल्यासारखं झालं. खट्. थोड्या वेळाने पुन्हा खट्. भिंतीवर एक मुंगी चढत होती, ती अजून खिडकीपर्यंत पोचली नव्हती, तोवर बाई म्हणाल्या, "झालं. उठा."

"झालं?"

"झालं."

कुठेतरी पाणी मुरतंय असं नापासरावांना वाटायला लागलं ते इथून. एवढ्यात? थोरल्यासाठी चार महिने केवढे डॉक्टर, केवढ्या बाटल्या, आणि आपल्याला दोन खट्? एकतर काही केलंच नाही, नाहीतर करण्यासारखं काही उरलेलं नाही आणि बायकोला आधीच सांगून ठेवलंय. खट् तर स्टेपलरचाही आवाज असतो. बाईंनी कागद पुढे केला. दोन रिंगा घातल्या, पुढच्या सूचना समजल्या, खाली सही.

"सूचना समजल्या," नापासराव म्हणाले. "पाणी भरपूर, कोंडा-भाजी-फळं, जोर करायचा नाही, आत पेपर घेऊन बसायचं नाही. ताप आला, लघवी अडली, धार लागल्यासारखं रक्त गेलं तर लगेच यायचं. पण रिंगा मी पाहिलेल्या नाहीत. सही होणार नाही."

"अहो, पाठीमागे डोळे आहेत का तुम्हाला?" बायको म्हणाली.

"नाहीत, म्हणूनच."

बाईंनी कागद फाइलीत ठेवला. "दहा दिवसांनी या. तेव्हा करा."

त्या दहा दिवसांची गोष्ट बायको आणि तिचा भाऊ आजही दार लावून सांगतात, आणि दार लावलेलं असूनही ती सगळीकडे पोचलीय.

पहिला दिवस जडपणात गेला, सतत जावंसं वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी ते कमी झालं. तिसऱ्या दिवशी बायकोची चहाची गाळणी नाहीशी झाली. तिने डबे हुडकले, शेजारी विचारलं. चहा फडक्याने गाळला. चौथ्या दिवशी संडासाच्या खिडकीत तिला गाळणी दिसली, नीट धुऊन वाळत घातलेली. तिने बाजारात जाऊन दोन सारख्याच गाळण्या आणल्या. एक स्वयंपाकघरात ठेवली, दुसरी नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "जुनी पुन्हा ओट्यावर दिसली, तर माहेरी जाईन. आणि माहेरच्यांना कारणासकट सांगेन."

आठव्या दिवशी सकाळी आतून आरोळी आली. "निसटली! म्हटलं होतं! नापास!"

बायको धावली, आणि नेमका त्याच वेळी आलेला मेहुणाही. नापासराव हातमोजे चढवून, गाळणी उंच धरून बाहेर आले. थोडंसं रक्त गेलं होतं, चारदोन थेंब. आणि गाळणीत रिंग.

"भावोजी, अहो ती पडतेच! माझ्या तर तिन्ही..." मेहुणा बोलला आणि तोंडावर हात ठेवला.

बहिणीने भावाकडे पाहिलं. नापासरावांनी गाळणी सावकाश खाली आणली.

"तिन्ही?"

"बस चालवतो मी," मेहुणा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "दिवसभर बसून असतो. दोन वर्षं झाली. अख्ख्या डेपोत कुणाला सांगितलं नाही."

ज्याच्या पोटात तीळ भिजत नाही, त्याने ही एकच बातमी दोन वर्षं दाबून ठेवली होती. त्याने दलाली खाल्ली नव्हती, स्वतःची लाज राखली होती.

नापासरावांनी रिंग औषधाच्या पाण्यात उकळून काढली. जेवणाच्या टेबलाला मात्र बायकोने हात लावू दिला नाही, म्हणून अंगणातल्या पायरीवर नमुन्याच्या रिंगा मांडल्या. पडलेली पेनावर चढवली. ताणली. सोडली. भिंगाखाली फिरवली. ना भेग, ना सैलपणा, नमुन्यापेक्षा केसभरही ढिली नाही. म्हणजे ही निसटली नव्हती. जे धरलं होतं तेच उरलं नाही, म्हणून ती मोकळी झाली होती. असला माल त्यांच्या टेबलावर एकतीस वर्षांत आला नव्हता.

पण त्यांचा चेहरा पुन्हा आवळला. दोन घातल्या होत्या ना? मग दुसरी कुठाय?

नववा दिवस. गाळणी रिकामी. दहावा. रिकामी. पण डायरीच्या पानावर ठिपकाही नाही. हे त्यांच्या लक्षात आलं होतं, पण त्यांनी ते बाजूला ठेवलं. तपासणी अर्धवट असताना आनंद करायचा नसतो.

दहाव्या दिवशी ते पडलेल्या रिंगेचं पाकीट घेऊन बाईंपुढे बसले. "दोन आत गेल्या, एक बाहेर आली. दुसरी एकतर आत अडकलीय, नाहीतर घातलीच नव्हती. काय ते सांगा."

बाईंनी पाकीट उघडलं, आत पाहिलं आणि पुन्हा बंद केलं. "ही तुम्ही... कशी मिळवलीत?"

"ते विचारू नका," बायको म्हणाली.

पुन्हा तो पलंग, पुन्हा भिंत. या वेळी मुंगी नव्हती. बाई नळीतून बघत म्हणाल्या, "दोन्ही जागा भरत आल्यात. दोन्ही कोंब गेले. आत रिंग नाही. दुसरी पडली असणार, बहुतेकांना कळतही नाही. तिसऱ्या दिवसाआधी पडली असेल, किंवा..." त्या थांबल्या. "किंवा जेव्हा पडली तेव्हा गाळणी कुठेतरी वाळत असेल."

"तुम्हाला गाळणीचं कुणी सांगितलं?"

मेहुणा त्या वेळी दाराबाहेर होता, आणि त्याचं पुन्हा छताकडे लक्ष गेलं.

नापासराव कपडे नीट करून बसले. रक्त नऊवर आलं होतं, रक्तवाढीच्या गोळ्या अजून काही महिने घ्यायच्या होत्या. कागद पुढे होता. साहेबांचा निरोपही होता, डॉक्टरची चिठ्ठी घेऊन या आणि शिक्का घेऊन जा. ही सही झाली की ती चिठ्ठी मिळणार होती, टेबल परत मिळणार होतं. फक्त एक न पाहिलेली रिंग मध्ये उभी होती. न बघता मारलेला एक शिक्का त्यांनी पाहिला होता, नखाएवढ्या भेगेसकट. आणि थोरल्याच्या वेळी न बघता ठेवलेला विश्वासही पाहिला होता.

"तुम्ही पाहिलंत?" त्यांनी बाईंना विचारलं. "स्वतःच्या डोळ्यांनी? दोन्ही जागा?"

"दोन्ही. आणि पहिल्या दिवसापासून तुमच्या बोलण्यावर माझा एकदाही विश्वास बसला नाही, म्हणून दोनदा पाहिल्या."

हे नापासरावांना पटलं. आजवर इतकं पटण्यासारखं त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं. त्यांनी पेन उघडलं आणि सही केली, नेहमीची, ठसठशीत. बायकोने श्वास सोडला.

मग ते पुन्हा वाकले आणि सहीखाली, भिंगाशिवाय दिसणार नाही अशा अक्षरात लिहिलं : 'रिंग क्रमांक एक, पास. रिंग क्रमांक दोन, डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांनी पास.'

घरी जाताना रस्त्यात बायको म्हणाली, "एवढा त्या बाईवर विश्वास. माझ्यावर कधी?"

नापासराव दोन्ही पायांवर सारखा भार देत, बऱ्याच दिवसांनी सरळ चालत होते. त्यांनी थोडा विचार केला.

"तू आणलेल्या त्या दोन गाळण्या," ते म्हणाले, "चहाची कुठली आणि माझी कुठली, हे तू कशावरून ओळखतेस?"

बायको रस्त्यातच थांबली. मग घराच्या दिशेने पळत सुटली.